बांधाअलीकडे करपा, पलीकडे नुसते ठिपके

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमची भातशेती आहे. यंदा एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंच्या खाचरांत वेगवेगळ्या जातींची लावणी केली. पाणी आणि खत सारखेच होते. एका जातीची पाने करप्याने जळाली, दुसरीच्या पानांवर मात्र टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके पडून रोग तिथेच थांबला. असे का व्हावे?

उत्तर : ते बारीक ठिपके म्हणजे भाताने रोग अडवल्याची खूण आहे. बुरशीचे बीजाणू दोन्ही खाचरांतल्या ओल्या पानांवर पडले आणि पानांत शिरले. पहिल्या जातीत बुरशी एका पेशीतून दुसरीत पसरत गेली, म्हणून होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी चट्टे दिसले. दुसऱ्या जातीत असलेल्या प्रतिकारक जनुकामुळे बुरशीचे एक विशिष्ट प्रथिन ओळखले गेले आणि ओळख पटताच तिथल्या पेशींनी स्वतःला मारून घेतले. सुरुवातीला जिवंत पेशींवरच वाढणाऱ्या बुरशीची त्यामुळे तिथेच कोंडी झाली. आपण पाहिलेला प्रत्येक ठिपका हा अशा मेलेल्या पेशींचा पुंजका आहे.

अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसावरील तांबेऱ्याच्या अभ्यासातून दाखवून दिले, की पिकातल्या प्रतिकारक जनुकाला रोगकारकातल्या एका जनुकाची जोडी असते. बुरशीतले हे जनुक बदलले, की ओळख चुकते आणि वर्षानुवर्षे टिकलेली जात रोगाला बळी पडू लागते. अशा वेळी 'बियाणे बिघडले' असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा बियाणे तेच असते, बदललेली असते ती बुरशी.

म्हणूनच एका जनुकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. जिवाणूमुळे येणाऱ्या कडा करप्यासाठी हैदराबादच्या संशोधकांनी सांबा मसुरीत तीन जनुके एकत्र आणली आणि ती सुधारित जात २००८ मध्ये प्रसारित झाली. त्यांपैकी एक्सए २१ हे जनुक मूळचे आफ्रिकेतल्या रानटी भाताचे आहे. एक्सए १३ ची तऱ्हा तर फारच वेगळी : हा जिवाणू एरवी भाताचेच एक जनुक चालू करून पेशींतली साखर बाहेर काढवतो, आणि एक्सए १३ मध्ये ते चालू करण्याची जागाच बदललेली असल्यामुळे त्याची उपासमार होते.

युरिया जास्त झाला, तर करप्याला वाव मिळतो, तेव्हा मात्रा बेताचीच ठेवावी. पुढील हंगामात त्याच जातीचे ठिपके लांबट होऊन मध्ये राखाडी पडू लागलेले दिसले, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात नमुना दाखवून जात बदलावी.