१९८५ ची माझदा आरएक्स-७ घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा रस्त्यावर आणता येईल का? पॉवर वाढवायची असेल तर टर्बो की व्ही-८?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ १२ए या रोटरी (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरच्या) इंजिनची १९८५ ची आरएक्स-७ जीएसएल मिळतेय, बरीच वर्षं उभी आहे, स्टार्टर मारला की इंजिन फिरतं पण सुरू होत नाही. ती घ्यावी का, घरी काम होईल का आणि पुढे टर्बो लावावा की व्ही-८ टाकावं, असे तुमचे प्रश्न आहेत. माझ्याकडे याच पिढीची गाडी आहे आणि तिचं इंजिन मी इथे बे एरियातच, घरच्या गॅरेजमध्ये उघडून पुन्हा बांधलं आहे. त्यामुळे घरी होईल का, तर हो, नक्की होईल. पण पॉवरचा विषय सध्या बाजूला ठेवा. रोटरीत पैसे आधी घालायचे ते इंजिन गार ठेवण्यात आणि ऑइलमध्ये. ते केलं नाही तर वाढवलेली पॉवर फार दिवस टिकत नाही.

घेण्याआधी कॉम्प्रेशन बघा. या इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. दोन तिकोनी रोटर आहेत, प्रत्येकाला तीन बाजू, म्हणजे एकूण सहा आकडे मिळायला हवेत. रोटरीसाठीचा खास टेस्टर तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवतो आणि आकडे २५० आरपीएमच्या हिशेबात देतो. ८५ पीएसआय ही खालची मर्यादा धरतात. तो टेस्टर नसेल तर साध्या गेजमधला व्हॉल्व्ह काढून टाका, खालच्या प्लगच्या जागी गेज लावा, दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा आणि काटा बघत कान द्या. फुस, फुस, फुस असे तीन सारखे झटके आले तर तो रोटर ठीक आहे. शेजारशेजारचे दोन झटके मरगळलेले असतील तर त्या दोघांच्या मधलं एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलेलं असण्याची शक्यता जास्त, कारण एक एपेक्स सील दोन कप्प्यांना अडवतं. एकच झटका कमी असेल तर साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या सपाट बाजूवरच्या पट्टीवर, संशय घ्या.

फिरतं पण सुरू होत नाही, एवढ्यावरून इंजिन गेलं असं मात्र समजू नका. या गाड्या फ्लड होतात, म्हणजे कप्प्यांत जास्तीचं पेट्रोल साचतं. थंड इंजिन सुरू करून गाडी दोन हात पुढे घेतली आणि लगेच बंद केली, एवढंही पुरतं. पेट्रोलमुळे सीलवरचं ऑइल धुतलं जातं आणि कॉम्प्रेशन पडतं. उभ्या गाडीत कार्बनमुळे सील खाचेतच अडकून बसतात. प्लग काढा, भोकांतून थोडं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) सोडा, शाफ्टच्या पुढच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवा, रात्रभर राहू द्या आणि मग पुन्हा मोजा. पडलेले आकडे यानंतर वर आलेले मी पाहिले आहेत. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र इंजिन सुरू करण्याआधी पूर्ण काढा आणि फिल्टर बदला. ब्रेकचं सगळं हायड्रॉलिक काम तर गाडी हलण्याआधीच व्हायला हवं, त्यात तडजोड नको.

दुसरी तपासणी पाण्याची. हे इंजिन सँडविचसारखं थरांचं आहे: बिडाची प्लेट, ॲल्युमिनियमचं रोटर हाउसिंग, पुन्हा प्लेट, पुन्हा हाउसिंग, शेवटी प्लेट, आणि सगळ्यांतून आरपार गेलेले लांब बोल्ट. बीड आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखं प्रसरण पावत नाहीत. गाडी एकदा जरी जोरात तापली तरी थरांमधली वॉटर सील दबून जातात आणि पाणी कप्प्यात शिरतं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवल्यावर बुडबुडे येतच राहिले, किंवा सुरू होताना गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर इंजिन उघडायचंच आहे हे गृहीत धरून भाव करा.

उघडलंत तर रोटर हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर बोट फिरवा. एक्झॉस्ट पोर्टच्या आसपास आणि कडांना नख अडकतंय का, पापुद्रे सुटलेत का ते बघा. खर्चाचा फरक इथेच पडतो. सील नवी मिळतात, १२ए चं चांगलं हाउसिंग मिळणं कठीण झालं आहे. बांधताना सील खाचेत धरून ठेवायला व्हॅसलीन लागतं, तेच सर्वांत सोयीचं. पुढचा बोल्ट सोडताना-आवळताना इंजिन उभं, पुढची बाजू वर ठेवा. नाहीतर आतलं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून सरकतं आणि बोल्ट आवळला की चेपतं. शाफ्टचा एंड-प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर यायला हवा. डायल गेज नसेल तर उसना आणा, पण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा असतो, त्याला लांब दांडा आणि मदतीला माणूस लागतो.

आता ऑइल. रोटरी ऑइल जाळते, तशीच ती बनवलेली आहे. मीटरिंग पंप थोडं थोडं ऑइल कार्ब्युरेटरमधून कप्प्यात पोचवतो, नाहीतर सील कोरडी घासतील. एवढ्या वर्षांनी त्याच्या बारीक नळ्या कडक होऊन तडकतात, आधी त्या बदला. मी पंप ठेवला आहे आणि शिवाय टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइलही घालतो. ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक येझदी चालवली असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. पंप काढूनच टाकलात तर गॅलनला साधारण एक औंस ऑइल घालावंच लागतं, आणि एकदाही विसरून चालत नाही. पेट्रोल साधं ८७ ऑक्टेनचं पुरतं.

तुमच्या वर्षाच्या गाडीतला एक दोष मात्र सुधाराच. १९८३ पासून १२ए मध्ये पुढचा हवेवरचा ऑइल कूलर काढून फिल्टरखाली पाण्यावर चालणारा छोटा कूलर दिला, त्याच्या आकारावरून लोक त्याला बीहाइव्ह (मधमाशांचं पोळं) म्हणतात. रोटरीत उष्णतेचा मोठा वाटा ऑइलच वाहून नेतं, आणि हा कूलर ते ओझं पुन्हा रेडिएटरवरच टाकतो. जुन्या गाडीचा किंवा जीएसएल-एसई या वरच्या मॉडेलचा पुढे बसणारा कूलर शोधा, सोबत चांगला रेडिएटर आणि नवे पाइप. माझ्या मते या गाडीतलं सर्वांत मोलाचं अपग्रेड हेच.

टर्बोबद्दल. माझदाने १९८३ मध्ये जपानात १२ए टर्बो विकली होती, पण ती इंजेक्शनवर होती. तुमच्या ९.४ कॉम्प्रेशनच्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनावर बाहेरून टर्बो लावला तर एक नॉक (अवेळी झालेला स्फोट) एपेक्स सील फोडायला पुरेसा होतो. अमेरिकेत हे इंजिन जेमतेम १०० हॉर्सपॉवरचं, पण गाडीही सुमारे १,१०० किलोचीच आहे. जास्तच हवं असेल तर जीएसएल-एसईचं १३५ हॉर्सपॉवरचं इंजेक्शनवालं १३बी रोटरी इंजिन बघा. व्ही-८ मला पटत नाही. छोटं इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे बसवल्यामुळेच ही गाडी वळणावर अशी हलकी वाटते, आणि तुम्हाला ती आवडली तीही बहुधा त्यासाठीच.

शिवाय आपण कॅलिफोर्नियात आहोत. १९७६ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) चुकत नाही. एअर पंप, कॅटॅलिटिक आणि व्हॅक्युमच्या नळ्यांचं जंजाळ काढून हेडर (मोकळे एक्झॉस्ट पाइप) आणि वेबर कार्ब्युरेटर लावण्याचे सल्ले तुम्हाला खूप मिळतील. त्याने पॉवर वाढते हे खरं, पण इथे गाडी पास होणार नाही. मूळ निक्की कार्ब्युरेटर नीट रिबिल्ड करा. इंजिनच बदलायचं तर ते गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं हवं, त्याची सगळी एमिशन सामग्री सोबत हवी आणि रेफरीकडून, म्हणजे राज्याच्या स्मॉग तपासनिसाकडून, तपासून घ्यावं लागतं. म्हणून ही गाडी घेताना काढून ठेवलेला प्रत्येक नळीचा तुकडासुद्धा मालकाकडून मागून घ्या.

आणि इंजिन बघण्याआधी गाडीखाली झोपून पत्रा बघा: मागच्या चाकांच्या कमानी, दारांखालचे सिल, सीटमागच्या सामानाच्या खणांचा तळ, स्टेपनीची जागा. कॉम्प्रेशन चांगलं पण सिल कुजलेले असतील तर मी ती गाडी सोडून देईन. उलट पत्रा शाबूत असेल आणि इंजिन मेलेलं असेल, तर घेईन.