वाटाण्याची कुंडी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी सोडून चार महिने झाले, कॅमेरा हाताशी आहे आणि शॉर्टफिल्मसाठी सुचत काहीच नाही, म्हणून तुला लडाखला जायचंय. जा की. पण तिथे सुचेल म्हणून जाऊ नकोस.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तुला ठाऊक आहेच. 1910-11 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्णही असे पडद्यावर यावेत असं त्यांच्या मनाने घेतलं. सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. तो मूकपट बाकीच्यांनीही पाहिला आणि ते घरी जाऊन जेवले. फाळक्यांनी मात्र त्याआधी मुंबईच्या जेजे कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं होतं, फोटोग्राफी केली होती, छापखाना चालवला होता, जादूचे प्रयोगसुद्धा केले होते. चाळिशीचा माणूस होता तो.

मला त्या गोष्टीतली आवडते ती कुंडी. 1912 मध्ये सिनेमाचं तंत्र शिकून लंडनहून परतले तेव्हा खिशात भांडवल नव्हतं. पैसेवाल्यांना दाखवायचं काय? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि एकेक फ्रेम घेत राहिले. दिवसचे दिवस. पडद्यावर मात्र बघता बघता कोंब फुटून रोप वर आलं. ते पाहून पैसा उभा राहिला आणि 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. (तुझ्या मोबाईलमध्ये हे एका बटणावर होतं, म्हणून तुला त्याचं अप्रूप नसेल.)

मी तुझ्या वयाचा असताना दोन वर्षं ‘मोठा विषय’ शोधला. रोज ज्या टपरीवर चहा पीत तो शोधला, तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. टपरी कधीच उठली.

आता तुझ्या पत्राचं. चार पानं रडगाणं, आणि ताजा कलमात काय लिहिलंस? खालच्या इस्त्रीवाल्या काकांनी कोळशाची इस्त्री टाकून गॅसची घेतली, पण राख उडवायला ते अजून तिच्यावर फुंकर मारतात. अगं, हे ताजा कलमात?

त्यांना विचार आणि पंधरा दिवस तिथे जाऊन बस. पहिले तीन-चार दिवस कॅमेरा पिशवीतच राहू दे, नाहीतर ते फुंकर मारायचे थांबतील.

कळावे,
तुझा काका