कॅनडा की ऑस्ट्रेलिया? आधी वय आणि अनुभवाचं गणित मांडा

कायमचं स्थायिक व्हायला कुठे अर्ज करायचा हे ठरवताना पगार आणि हवामान नंतर बघा. आधी वय. दोन्हीकडे निवड गुणांवर होते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कुशल लोकांना कायमचं वास्तव्य देणाऱ्या योजनेत, तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच-सहा गुण जातात. ऑस्ट्रेलियात २५ ते ३२ पर्यंत सरसकट ३० गुण, तेहतिसाव्या वाढदिवसाला एकदम पाच कमी. म्हणजे एकतिशीतल्या माणसाला ऑस्ट्रेलियात अजून थोडी उसंत असते.

खरी गोची अनुभवात आहे. मेकॅनिकलची पदवी आणि नोकरी सॉफ्टवेअरची, ही आपल्याकडची नेहमीची जोडी. ऑस्ट्रेलियात आयटीवाल्यांचं मूल्यांकन एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी) करते आणि पदवी विषयाशी जुळत नसेल तर अनुभवाची जास्त वर्षं कापते. सहा वर्षं धरून गुण मोजलेले असतात, हातात त्यातली फारच थोडी उरतात. ऑस्ट्रेलियात ६५ गुण ही फक्त पात्रतेची किमान रेषा. तेवढ्यावर १८९ चं, म्हणजे कुठेही राहू देणाऱ्या कायम व्हिसाचं, निमंत्रण येईल असं धरू नका. ४९१ या तात्पुरत्या व्हिसाला १५ गुण जास्त मिळतात, पण प्रादेशिक भागात राहावं लागतं.

कॅनडात नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ पासून बंद झालेत, त्यामुळे ऑफर लेटर विकणाऱ्या एजंटला सरळ नमस्कार. तिथे फ्रेंच येत असेल तर पारडं पार फिरतं.

आयईएल्टीएस जनरल द्या, दोन्हीकडे चालते. कॅनडात चांगले गुण हवे असतील तर ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हीत ७ बँड आणा. एकात अर्धा बँड घसरला तरी गुण धडाधड पडतात. पदवीच्या मूल्यांकनासाठी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मात्र आजच मागवा.