वादळ यायचंय, तोवर

प्रिय दोस्ता,

‘मोज्यांचा कप्पा तिसऱ्यांदा आवरून झाला, वादळाचा अजून पत्ता नाही’ हा तुझा रात्रीचा मेसेज वाचला आणि मला मोठ्याने हसू आलं. मग तुझी काळजीही वाटली. वाट बघताना माणसाचे हात असेच सैरभैर होतात. कुणी घरातलं भांडंन् भांडं पाण्याने भरून ठेवतं आणि मग चहाला पातेलं सापडत नाही. कुणी टॉर्च लागतोय ना, हे इतक्यांदा बघतं की सेल तिथेच संपतात. दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन, नाक वर करून, ‘वारा पडलाय’ असं जाहीर करणारी एक व्यक्तीही प्रत्येक घरात असतेच. तिला जपा. तिच्यामुळे घरातले बाकीचे हसतात, आणि अशा रात्री ते फार मोलाचं असतं.

कप्पे खुशाल आवर, पण आधी कामाचं उरक. बाहेरच्या कुंड्या, खुर्च्या, कपडे वाळत घालायचा स्टँड, सगळं आत घे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे रोज निमूट उभी असणारी कुंडी त्या रात्री कुणाच्या काचेवर जाईल सांगता येत नाही. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारत बसू नकोस. फुटायची ती काच फुटतेच, वर पट्टीला चिकटलेले मोठे तुकडे एकत्र उडतात. वीज गेली की सगळ्यांना एकदम फ्रीज उघडून बघायची हुक्की येते. ती आवर. दार बंद राहिलं तर आतला गारवा साधारण 4 तास टिकतो. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांबच चालव. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, म्हणून यात गंमत नाही.

आता वादळाच्या वाटेचा अंदाज दाखवणाऱ्या त्या नकाशाबद्दल. तू तो दर मिनिटाला बघत असणार. नवा अंदाज ठरावीक तासांनीच येतो, बोट कितीही घासलंस तरी वादळ लवकर येत नाही. त्यावरचा शंकू, म्हणजे पुढे रुंद होत जाणारा तो पट्टा, हा वादळाचा आकार नव्हे. वादळाचा मध्यबिंदू कुठून जाऊ शकतो, तेवढंच तो दाखवतो. वारा, पाऊस आणि किनाऱ्यावर चढणारं पाणी त्या रेषेबाहेरही खूप लांबवर पोचतं. मध्यबिंदूसुद्धा कधीकधी शंकूबाहेर जातो. त्यामुळे ‘आपण रेषेच्या बाहेर आहोत’ म्हणून पेढे वाटू नकोस. आणि वादळ वळून दुसरीकडे गेलं तर ‘उगाच घाबरवलं’ म्हणून चिडूही नकोस. मला सगळ्यात जास्त धास्ती याच चिडण्याची वाटते, कारण असं चिडलेला माणूस पुढच्या इशाऱ्याला जागचा हलत नाही.

वेळ जात नसेल तर एक किस्सा सांगतो. 19व्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात क्लेमेंट रॅग नावाचे हवामानतज्ज्ञ होते. वादळांना माणसांची नावं द्यायची पद्धत त्यांनी पाडली, आणि न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावंही त्यांनी वादळांना दिली. ‘अमुकसाहेब समुद्रावर दिशाहीन भटकत आहेत’ असं अधिकृतपणे लिहिताना त्यांना काय सुख लाभत असेल! घरात सगळ्यांनी मिळून या वादळाला एखादं घरगुती नाव ठेवा. अर्धा तास सहज जाईल.

शेवटचं, आणि हे नीट ऐक. वारा थैमान घालता घालता अचानक थांबला, आभाळही उघडलं, तर बाहेर धावू नकोस. तो वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, असू शकतो. डोळा सरकला की वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने येतो. मघा अर्धवट वाकलेली झाडं तेव्हा पडतात. धोका टळल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत दाराची कडी काढायची नाही.

मला फोन लागला नाही तर धास्तावू नकोस. साधा मेसेज टाकून ठेव, रेंज आली की पोचेल. मी जागाच आहे.

तुझा,
काका