जर्मनीत मेडिकल इमेजिंग शिकायला यायचं तर

तू विचारलंस: पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मेडिकल इमेज सेगमेंटेशन (स्कॅनमधला अवयव किंवा गाठ कॉम्प्युटरकडून वेगळी आखून घेणं) शिकायला जर्मनीत यायचंय, तर विद्यापीठ कुठलं बघू, पैसे किती लागतील, आणि जर्मन खरंच लागते का?

लागते. हे आधी सांगते, कारण बाकीचे तुला उलटं सांगतील. मास्टर्स इंग्रजीत होईल, लॅबमध्येही निभावून जाईल. पण मॉडेल ज्यावरून शिकतं ती लेबलं, म्हणजे गाठीभोवतीच्या रेघा, डॉक्टर काढतात. मेंदूतल्या गाठीचा एमआरआय घे. टी-१ आणि फ्लेअर हे एमआरआयचे दोन प्रकार. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) दिलेल्या टी-१ मध्ये गाठीची कड उजळते, फ्लेअरमध्ये भोवतालची सूजही पांढरी दिसते. गाठ कुठे संपली यावर दोन मुरलेल्या रेडिओलॉजिस्टांचंही पुष्कळदा एकमत होत नाही. रेघ इथेच का ओढलीत, हे शेजारी बसून विचारता आलं पाहिजे, आणि त्यांचे रिपोर्ट जर्मनमध्येच असतात.

मॉडेलची नवी रचना (आर्किटेक्चर) काढायचा नाद तूर्त सोड. यू-नेट हे सेगमेंटेशनचं गाजलेलं मॉडेल २०१५ साली फ्रायबुर्ग विद्यापीठातून आलं. पुढे हायडेलबर्गच्या जर्मन कॅन्सर संशोधन केंद्रातून एनएनयू-नेट आलं. ते डेटा बघून पॅचचा (एका वेळी बघायच्या तुकड्याचा) आकार, प्रीप्रोसेसिंग (स्कॅनची पूर्वतयारी) वगैरे आपलं आपण ठरवतं. त्याला हरवताना भल्याभल्या 'नव्या' मॉडेलांना घाम फुटतो. आकड्यांनीही हुरळू नकोस. डाइस स्कोअर म्हणजे दोन आकृत्या किती जुळतात त्याचं ० ते १ मधलं माप; १ म्हणजे तंतोतंत. ४ बाय ४ पिक्सेलचा डाग एक पिक्सेल बाजूला सरकला की डाइस ०.७५ वर येतो. ४० बाय ४० ची गाठ तेवढीच सरकली तर ०.९७५. म्हणजे चूक तीच, पण बारीक मेटास्टॅसिसवर (पसरलेल्या कॅन्सरच्या गाठींवर) काम करणारा नापास आणि मोठ्या यकृतावर काम करणारा हुशार! इंटरव्ह्यूत मी तरी हेच विचारीन.

पैशाचं थोडक्यात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा, अर्जाच्या वेळी पुन्हा बघ. हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात येतात, तिथे आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी पडते. एर्लांगनही यादीत ठेव. स्कॅनची मशिनं बनवणाऱ्या सीमेन्स हेल्थिनीअर्सचं मोठं ठाणं तिथे आहे, त्यामुळे थीसिस आणि पार्टटाइम कामाला वाव असतो. एपीएस सर्टिफिकेट (आपली डिग्री खरी असल्याचा दाखला) मात्र सगळ्यात आधी काढायला टाक, त्याशिवाय स्टुडंट व्हिसाचं घोडं पुढे सरकत नाही.

तोवर नोकरी सांभाळून दोन गोष्टी कर. मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या पहिल्या पायरीचा, ए-१ चा, क्लास लाव. आणि मेडिकल सेगमेंटेशन डेकॅथलॉन या स्पर्धेचा प्लीहेचा सीटी डेटा फुकट मिळतो, तो थ्रीडी स्लायसर या स्कॅन बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकेक स्लाइस स्वतःच्या हाताने रंगव, मग दिलेल्या लेबलशी ताडून बघ. वरच्या नि खालच्या टोकाच्या स्लाइसमध्ये तुझं आणि त्यांचं कुठे बिनसतं ते टिपून ठेव. प्राध्यापकांना मेल करशील तेव्हा सर्टिफिकेटांची माळ लावण्याऐवजी तेच लिही.