चर्चच्या कामात अग्रक्रम नेमका कशाला असतो? फक्त धर्मप्रसाराला का?

नाही. प्रत्येक चर्चचा क्रम वेगळा असतो, म्हणून एकाच चर्चचं सांगतो: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अनेक प्रोटेस्टंट पंथ मिळून झालेलं चर्च, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ते 'सीएनआय'. याचं ब्रीद तीन शब्दांचं आहे: ऐक्य, साक्ष, सेवा.

यातलं ऐक्य सगळ्यात अवघड. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एक झाली. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) लोकांना बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा मुख्य धर्माधिकारी हवा, बाप्टिस्ट पंथाच्या लोकांना तो रुचत नव्हता. बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत सामावून घेण्याच्या विधीचा पेच तर त्याहून मोठा: तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावर? तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य, निर्णय कुटुंबाचा. त्यामुळे आजही एकाच मंडळीत (गावच्या चर्चच्या सभासदांत) दोन्ही रीती चालतात. (अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट पंथाचे लोक मात्र ऐन वेळी बाहेर राहिले.)

साक्ष म्हणजे शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश सांगणं, पण निव्वळ प्रवचनातून नव्हे, वागण्यातूनसुद्धा.

सेवा म्हणजे शाळा, दवाखाने, वसतिगृहं. ही परंपरा सीएनआयच्या कितीतरी आधीची. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनतर्फे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा त्याहून जुन्या.

कागदावर तिन्ही सारखेच महत्त्वाचे. प्रत्यक्षात तुमच्या गावच्या मंडळीचा कल कुठे आहे, हे पाहायचं असेल तर वार्षिक सभेत वाचला जाणारा जमाखर्च ऐका.