कडेवरची अक्षरे

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. पहिल्या चार रोलपैकी दोन फिकट निघाले, म्हणून आता कंपनी बदलावी का आणि कृष्णधवल फिल्ममध्ये भरवसा नेमका कोणावर ठेवावा, असे तू विचारले आहेस. उत्तराआधी एक काम कर. ते दोन्ही रोल उजेडासमोर धर आणि चित्रांकडे न पाहता फिल्मच्या कडेकडे पाहा. भोकांच्या रांगेलगत कंपनीचे नाव, फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे दिसतील. ही अक्षरे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात आणि रोल धुताना उघडी पडतात. तुझ्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काहीच संबंध येत नाही. म्हणून अक्षरे ठसठशीत काळी असून चित्र पातळ असेल, तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरेही फिकी असतील, तर धुण्यात कसर राहिली. अक्षरांभोवतीची कोरी पट्टीच नेहमीपेक्षा धुरकट दिसत असेल, तर बहुधा रोल जुना होता किंवा त्याला उष्णता लागली. कंपनीला दोष द्यायचा तो एवढे तपासून झाल्यावर.

हे मी फार महागात शिकलो. उमेदवारीच्या दिवसांत जिल्ह्याच्या गावातील एका दुकानातून स्वस्तात रोल घेतले होते. डब्या नामांकित कंपनीच्या होत्या, म्हणून निर्धास्तपणे एका लग्नाचे सगळे फोटो त्यांवर काढले. धुतल्यावर सगळीकडे राखाडी धुके आणि कडेवर भलत्याच फिल्मचे नाव! मुदत संपलेले 30 मीटरचे मोठे रीळ कापून, स्टुडिओंतून गोळा केलेल्या रिकाम्या डब्यांत कोणीतरी भरले होते. त्या घरी लग्नाचे दुसरे फोटो नव्हतेच. मुलीच्या वडिलांपुढे उभा राहिलो, तेव्हा मला एक शब्द सुचला नाही. त्या दिवसापासून रिकामी डबी मी चेपल्याशिवाय फेकत नाही, आणि तूही फेकू नकोस.

कंपन्यांचे म्हणशील, तर आमच्या पिढीने त्यांतील बऱ्याच डगमगताना पाहिल्या. ऊटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही 1960 साली स्थापन झालेली आपली सरकारी कंपनी; तिची ‘इंदू’ फिल्म खेड्यापाड्यांतील स्टुडिओंत चाले, आज ती नाही. इलफर्ड 2004 साली आर्थिक संकटात सापडली आणि तिथल्याच व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षी हारमन टेक्नॉलॉजी या नावाने ती पुन्हा उभी केली. कोडॅकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. फुजीने 2018 साली आपली अॅक्रॉस ही कृष्णधवल फिल्म बंद केली आणि 2019 साली ‘अॅक्रॉस टू’ म्हणून परत आणली. तरीही कोडॅकची 35 मिलिमीटरची ट्राय-एक्स 1954 पासून आणि इलफर्डची एचपी5 (आताची एचपी5 प्लस) 1976 पासून, सुधारणा होत होत, लोकांच्या हातात टिकून आहे. छायाचित्रकार त्यांना धरून राहतात, कारण मागच्या वर्षी जी वेळ आणि जे तापमान लागू पडले, तेच या वर्षीच्या रोललाही लागू पडते. नवा रोल जुन्यासारखाच वागेल ही खात्री मला बारीक दाण्यापेक्षा आणि झळाळीपेक्षा मोलाची वाटते.

मात्र ही खात्री आपल्या वैशाखात कारखान्याच्या हाती राहत नाही. एचपी5 प्लस रोल आयडी-11 डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, एकास एक पाणी घालून धुतला, तर कंपनी 13 मिनिटे सांगते, ती 20 अंशांना. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचे पाणी 30 अंशांच्या वर सहज जाते. त्या पाण्यात तेवढाच वेळ दिला, तर निगेटिव्ह काळेठिक्कर होईल. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी कर, थर्मामीटर पाहिल्याशिवाय ओतू नकोस, आणि हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, व शेवटचे पाणीही त्याच तापमानाचे ठेव. थंडातून एकदम गरमात गेलेल्या फिल्मचा थर सुरकुततो आणि मग त्यावर उपाय नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटची बुचकळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दे. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेव, वापरण्याआधी काही तास बाहेर काढून मगच सील फोड, आणि स्कूटरच्या डिकीत रोल कधीही विसरू नकोस.

निवड माझ्यावर सोडलीस, तर वर्षभर एचपी5 प्लसच वापर. दर रोलला फिल्म बदलत राहिलीस, तर बिघाड फिल्मचा, उजेड मोजणाऱ्या मीटरचा की पाण्याचा, हे कधीच उलगडणार नाही. पोळ्याच्या दिवशी शेजारच्या वावरात पांढरा गवळाऊ बैल काळ्या मातीवर उभा असेल, तेव्हा मीटर आधी बैलाच्या पाठीवर आणि मग मातीवर धरून दोन्ही आकडे लिहून ठेव. मीटरला सगळे जग करडे दिसते. पांढऱ्या पाठीवर विसंबलीस तर बैल मळकट येईल, मातीवर विसंबलीस तर त्याच्या अंगावरची झूल, गोंडे, रंगाचे ठिपके सारे पांढऱ्यात बुडून जाईल. दोहोंच्या मधला आकडा घे, आणि एक-एक घर (स्टॉप) अलीकडे-पलीकडे, म्हणजे उजेड निम्मा व दुप्पट करून, आणखी दोन चित्रे काढ. एका रोलवर एवढे केलेस, तरी उजेड कमी-जास्त झाला तर ती फिल्म किती सांभाळून घेते, हे तुला डोळ्यांनी दिसेल.

तान्ह्या पोळ्याला मी गावीच आहे. तो रोल घेऊन ये, आणि सोबत ते दोन फिकट रोलही आण. त्यांच्या कडा मला स्वतः पाहायच्या आहेत.

तुझा,
काका